वरून टाकलेला पेढा

माहेर माहं मेहकराकडचं, देलं अमडापूरच्या शिवारात, माळव्याच्या, भाजीपाल्याच्या घरी. वांगे, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आठवड्यातून दोनदा चिखलीच्या बजारात. सातवी शिकेल हाये मी, पोरीनं काही इचारलं तं मले वाटे, सांगता येते आपल्याले.

काय सांगू तुम्हाले, त्या दिवशी चिखलीच्या रस्त्यावर जीप अडकली. म्होरं लोकं रस्ता अडवून बसले होते भर उन्हात, बाया, लेकरं, सगळे. एका गावच्या भंडाऱ्यात त्याइच्या माणसानं वाढायले बादली उचलली म्हणून मारलं होतं त्याले. माही आरती चौथीत हाये, म्हणे आई हे काऊन बसले, म्या म्हटलं त्याइचा हात लागू देत नाहीत काही वंगाळ लोकं, म्हणून बसले, न्याव मागून राह्यले. मले वाटलं, झालं समजावणं.

तं पोरगी भर जीपमधी म्हणते, आई, तू बी तं शेवंतामावशीले भाकर वरूनच टाकते. शेवंता म्हणजे आमच्या वावरात निंदायले येते ते, दहा वर्सं झाले. ते पदर पसरते, मी वरून टाकतो, माही सासू टाके, तिची सासू टाके, कोणी कोणाले सांगतलं नाही, हाताले सवय. म्या पोरीले चापट मारली, चूप बस म्हटलं. आता राग कोणाचा होता, तुम्हीच सांगा.

घरी आल्यावर रडत रडत सांगतलं तिनं. वाढदिवसाले शाळेत पेढे वाटले, सगळ्याइच्या हातावर ठेवले, अन् शेवंताच्या पूजाले, आपल्या बाकावरच्या मैत्रिणीले, वरून टाकला. म्हणे मले वाटलं त्याइले तसंच देतात. पूजानं पेढा बाकावरच ठेवला अन् दुसरीकडं जाऊन बसली, तवापासून बोलत नाही. म्या कवा शिकवलं हे? शिकवलंच नाही, अन् पाठ झालं. असा संताप येते माहा मले, काय सांगू.

दुसऱ्या दिवशी वावरात म्या भाकर हातात धरून शेवंताच्या म्होरं केली, म्हटलं घे, हातात घे. तिनं आपलं फडकं सोडलं, म्हणे राहू द्या बाई, मी आता घरूनच आणतो, पूजानं शपथ घातली, तिथली भाकर खाऊ नको म्हणे.

आता एकाच बांधावर ते तिची खाते, मी माही. परवा आरती म्हणे, आई, शेवंतामावशी घरून भाकर आणते, हे बी त्या रस्त्यावर बसलेल्या लोकाइसारखंच हाये का? म्हटलं हाव बाई, तसंच हाये, फक्त आपल्या दारात हाये. लय शिको ते पूजा, मोठी होवो. आरती बाकावर तिची जागा अजून धरून ठेवते.