गेंड्याचा एक ठोका

— गेंड्याला मान नसते. चित्रात बो टाय बांधू कुठे?

— कुणाची खुर्ची करकरतेय?

— रेकॉर्डिंग सुरू होतंय, खोकून घ्या सगळे आत्ताच. नंतर खोकलात तर बघा.

— हंसाच्या अंगात येतं ना, तिथे त्याचा टोप उडू दे.

— व्यत्ययाबद्दल क्षमस्व.

तंत्रज्ञ : ही पाटी मी लावलेली नाही, मॅडम. यंत्राने लावली. चाचणीत तुमच्या कार्टूनचा आवाज गेला, त्याला वाटलं प्रक्षेपणच बंद पडलं.

ताई : आवाज गेला नाही हो. तिथे वाजवणंच थांबतं. वाद्यवृंद चालवणारा हंस हातवारे करतोय, सगळे प्राणी जीव खाऊन वाजवतायत, टोप उडतो आणि एकदम सगळे गप्प. आता गेंड्याची पाळी. अख्ख्या मैफलीत त्याला एकच ठोका, ट्रँगलवर, त्या टांगलेल्या लोखंडी त्रिकोणावर. तो मनात मोजत उभा. शिंगावर माशी बसते, तरी मोजतोय. मुलं तिथेच हसणार आहेत.

तंत्रज्ञ : हसतील की. पाटीला.

धाकटा : काका, ते यंत्र तेवढ्यापुरतं बंद नाही ठेवता येणार?

तंत्रज्ञ : माझ्या आधीच्याने ठेवलं होतं. हल्ली तो पंखे दुरुस्त करतो. साधा उपाय सांगू? तिथे खाली थोडं संगीत सोडा. अगदी हळू. गेंडा मोजेल त्याचा तो.

ताई : मग तो मोजणारा गेंडा कुठे राहिला? नुसता उभा गेंडा झाला.

तंत्रज्ञ : मॅडम, शांतता ती शांतता. तिला काय रंग असतो?

ताई : असतो. मी ती रेकॉर्ड केलीय. बाबांचा अख्खा वाद्यवृंद बसवला होता. वाद्यं उचलून धरायची, वाजवायचं मात्र नाही. त्यात श्वास आहेत, वह्यांची पानं उलटणं आहे, खुर्च्या... थांबा. आत्ता यातलं काहीच ऐकू आलं नाही. धाकट्या?

धाकटा : काय?

ताई : इकडे बघून बोल.

धाकटा : मी आवाज साफ केला, ताई. तूच म्हणालीस ना, सगळं स्वच्छ करून दे. कोणी नाक ओढतंय, कोणाचं काय पडतंय, एकाचं तर चक्क पोट वाजत होतं. मी म्हटलं, शांततेत हा कसला केर. झाडून टाकला.

ताई : अरे, एवढी माणसं बसली होती त्या शांततेत. तू माणसंच झाडलीस.

धाकटा : शांतता साफ करू नको, असं कोण कुणाला सांगतं?

ताई : आई तुला भांडी का घासू द्यायची नाही, आत्ता कळलं. कल्हईसकट घासली असतीस.

तंत्रज्ञ : मूळ आवाज आहे का शिल्लक?

धाकटा : आहे. मी काही फेकत नाही.

तंत्रज्ञ : मग भांडण नंतर करा. जोडा तो. पण हा काटा बघून ठेवा. या लाल रेघेखाली तो रेंगाळला की पाटी आलीच. नाक ओढल्याने काटा किती हलेल, मला ठाऊक नाही. पुन्हा तपासून बघायला वेळ नाही, बातम्या संपत आल्यात. संगीत तयार ठेवू का?

ताई : नको.

धाकटा : ताई, तेवढंच तर आहे. कोणाला कळणार आहे?

ताई : बाबांना. जन्मभर मागच्या रांगेत ट्रँगल धरून मोजत राहिले ते. परवा त्यांची शेवटची मैफल झाली, हारसुद्धा पुढच्या रांगेपर्यंतच पुरले. शाळेत विचारायचे, वडील काय करतात. आपण सांगायचो, वाजवतात. वाजवतात कुठे? थांबतात. ते थांबणं दिसावं म्हणून हा गेंडा रेखाटला मी. आज ते घरी टीव्हीसमोर बसलेत.

तंत्रज्ञ : आणि त्यांच्या ठोक्याआधी पाटी आली तर?

ताई : तर मी काय सांगू त्यांना, तेही मला सुचत नाहीये. तरी नको.

(लाल दिवा लागतो. कार्टून सुरू होतं.)

धाकटा : टोप उडाला.

ताई : गप.

धाकटा : थांबले सगळे.

तंत्रज्ञ : काटा पडतोय.

धाकटा : खुर्ची. करकरली बघा, खुर्ची.

तंत्रज्ञ : वर आला. पडला पुन्हा.

ताई : पान उलटतंय कुणीतरी. शाबास माझ्या राजा.

तंत्रज्ञ : पानाने भागत नाही त्याचं. रेघेखाली गेला. मॅडम, माझं बोट संगीताच्या बटणावर आहे.

ताई : काढा बोट.

तंत्रज्ञ : आता लावेल हं पाटी. आता...

धाकटा : हे काय गुरगुरलं?

ताई : पोट.

तंत्रज्ञ : अबब. काटा पार टोकाला गेला की. कुणाचं म्हणायचं हे?

ताई : बाबांचं. वाजवायच्या आधी ते जेवत नाहीत. हात जड होतो म्हणतात.

धाकटा : म्हणून गेंडा खाली बघतो होय. मला वाटलं, बूट बघतोय.

ताई : मी चित्रं त्या पोटावरच बेतली होती, शहाण्या.

तंत्रज्ञ : आता कुणी बोलू नका.

धाकटा : वाजला.

तंत्रज्ञ : वाजला. आणि काय वाजला. काचेपलीकडे बघा, बातम्यांच्या बाई टेबलावर डोकं ठेवून हसतायत. आजवर पाणी पितानाही हसल्या नव्हत्या. थांबा, फोन. हॅलो. नाही, यंत्र ठीक आहे. नाही हो, पोट आमचं नाही. पुन्हा कधी दाखवणार ते विचारून सांगतो. हा दुसरा घ्या रे कोणी. हॅलो? हे पोर नुसतं हसतंय, बोलतच नाही.

धाकटा : ताई, मी ते पोट पुसून टाकलं होतं.

ताई : आणि परत आणलंस. डोळे पूस आता, तेवढी सफाई चालेल.

तंत्रज्ञ : मॅडम, हा तुमचा. वडील म्हणतायत.

ताई : बाबा, बघितलंत?

बाबा : बघितलं. आळीतली सगळी पोरं आली होती. बसायला जागा नव्हती, मी मागे उभा राहिलो.

ताई : स्वतःच्या घरातही मागेच?

बाबा : मागून सगळे दिसतात गं. कोणी हललं नाही. एक चिमुरडी तर बोटांवर मोजायला लागली. चुकत होती, पण मोजत होती.

ताई : आणि पोट?

बाबा : त्याला सगळ्यात मोठी दाद. इतकी वर्षं उगाच ट्रँगल वाजवला म्हणायचा.

ताई : ठोका मात्र अगदी जागेवर पडला, बाबा. पडणारच होता.

बाबा : असं काही नसतं. माझ्या पहिल्या मैफलीत तो यायच्या आधीच वीज गेली होती.