बघितलंच न्हाई कुणी

माझं माहेर कुंभार पिंपळगाव, दिलं परतूरला. नवरा ट्रकवर होता. तो गेला तवा माझं रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला, पोरगी तीन वर्षांची होती माझी. आता ती नर्सिंग शिकून नोकरीला लागली, म्हंजे बघा किती वर्षं झाली. तवापासून गोळ्या घेऊन राह्यले, एक दिवस खाडा न्हाई. कापसाच्या जिनिंगवर कामाला जाते, तिथं बी गोळी पदरात बांधून नेते.

काय सांगू तुम्हाला, परसाकडच्या जागी रक्त पडाया लागलं. बाईमाणसानं बोलायचं कसं हे. तरी बोलले. परतूरच्या दवाखान्यातला डॉक्टर खुर्चीतून उठला न्हाई. मूळव्याध हाय म्हणे, तिखट कमी खा, मलम लाव. तीनदा गेले, तीनदा मलम. मी म्हणलं साहेब, बघा तरी, तर म्हणे त्यात काय बघायचं. तिथली सिस्टर मला विचारते, नवरा मागून यायचा का, आन् हसली. मी मान खाली घातली. घालायला नको होती.

गोळ्यांच्या रांगेत शोभाबाई भेटायची, तिला बी हेच दुखणं, आन् त्याच साहेबाचं मलम. मलम संपलं तर एकमेकीचं वापरायचो. मंग तिला बसवंना झालं, एसटीत जागा असून उभी यायची. बराबर तपासलं तवर गाठ मोठी झाल्ती, कॅन्सर पसरलेला. मयताला गेल्ते मी. घरच्यांनी लोकांना मूळव्याधच सांगितली.

घरी आले आन् पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणे, आई, उद्याच निघायचं. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर होती, ती म्हणली, मावशी, सांगून सांगून करते. बोटानं तपासलं, आतून नमुना घेतला, पुढच्या खेपेला दुर्बिणीतून बघून तुकडा काढला. रक्त मूळव्याधीचंच होतं म्हणे, पण तिच्या बाजूला कातडी बिघडून राह्यलीय, कॅन्सर न्हाई अजून, सोडलं तर होऊ शकतो. तेवढी जागा जाळली. मी विचारलं, हे नवीन निघालंय का बाई. न्हाई म्हणे, एचआयव्ही असल्यावर याचा धोका जास्त, हे कधीचंच माहीत हाय.

कधीचंच. माझं डोस्कं फिरलं तिथं. गेले परतूरला, कागद ठेवला त्या साहेबापुढं, म्हणलं शोभाबाईला कधी बघितलंत का.

आता सहा महिन्याला तपासून येते. रांगेत बाया असोत, माणसं असोत, मोठ्यानं सांगते, खालून तपासून घ्या, दुखत नसलं तरी घ्या. काही लाजून सरकतात. लोकं म्हणतात शोभाबाईला तिची लाज आडवी आली. खोटं हाय ते. तिनं त्या साहेबाला सांगितल्तं, दोनदा सांगितल्तं, माझ्यासमोर.

त्या डॉक्टरीणबाईचं भलं होवो. बाकीच्यांना मी माफ केलं न्हाई.