सांभाळून ठेवलेलं पुस्तक

शिक्षण खात्याच्या कचेरीत मुलाच्या दाखल्यासाठी रांगेत ताटकळून सुताराला पेंग आली होती. पुढच्या बाईंनी खिडकीतल्या कारकुनापुढे कागदांचा गठ्ठा आपटला आणि त्याची पेंग खाडकन उतरली.

"हे काय पाठवलंत माझ्या शाळेला?"

"भूगोलाचं ब्रेल पुस्तक, बाई. न दिसणाऱ्या मुलांसाठी. तुम्हीच तर वर्षभर आमच्या मागे लागला होतात."

"जरा हात फिरवून बघा त्यावरून."

"गुळगुळीत आहे की! कागद चांगलाच वापरलाय."

"आणि बोटांनी वाचायचे ते उठलेले ठिपके कुठे गेले?"

"त्याचं असं झालं, पुस्तक आलं एकच आणि मागणाऱ्या शाळा चार. मग आम्ही सगळ्यांना झेरॉक्स काढून दिली. कुणावर अन्याय नको."

"ब्रेलची झेरॉक्स? अहो, डोकं गहाण टाकलंय का? माझी पोरगी काल तासभर ही पानं चाचपत बसली. शेवटी रडकुंडीला येऊन मलाच विचारते, 'बाई, मी ढ आहे का हो?'"

"आवाज चढवू नका. मागे रांग आहे."

"मला घाई नाही," सुतार म्हणाला. "चढवू द्या त्यांना."

"मूळ पुस्तक कुठंय?"

"साहेबांच्या कपाटात. कुलपात आहे, अगदी नव्यासारखं."

"काढा बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"ते नाही देता येणार, बाई. एकच तर प्रत आहे, आणि ही मुलं सारखा हात लावत बसतात त्याला."