भुरीच्या दारात मी आडवी बसली

मायं माहेर गुडीहत्नूरकडचं, सासर हे तलमडुगु मंडलातलं, आनि गावच्या शाळेत पोरायचा भात शिजवून राह्यली त्याले आता लय वर्सं झाले. नाव वेणू, लिहून घ्या ताई. दोन्ही पोरी लगन होऊन गेल्या, घरात मी आनि आमचे हे, आनि ही भुरी. कुत्री म्हना, पन काय सांगू तुमाले ताई, कापसात डुकरं घुसले का हे घोरत रायते आनि हीच उठते. वावराच्या धुऱ्यावर सापडली होती, डोळे बी उघडले नव्हते, बोळ्यानं दूध पाजलं मी तिले.

तर झालं असं का आमचे भासरे, म्हंजे ह्यायचे मोठे भाऊ, आदिलाबादले रायते, कापसाच्या मार्केटात मुकादम हायेत. मोठे मानूस, ह्यायले त्यायनंच लहानाचं मोठं केलं, त्यायचा शब्द आमच्या घरात कोनी खाली पडू देला नाई कदी. त्यायच्यापाशी एक कुत्रा, शेरू, वासराएवढा. त्यायनं भुरीले डुकरामागं धावताना पायलं आनि म्हनले दत्तू, हिले शेरू लावू, असे पिलं मंडलात कोनापाशी नसतील. आनि लगेच आपल्या लेकीच्या सासऱ्याले सांगून बी टाकलं, पयलं पिलू तुमचं. मले कोनी विचारलं नाई. ह्यायले बी नाई, पन हे हो म्हनले, भावापुढं हे होच म्हनते.

भुरी तवा नऊ महिन्याची. पयल्यांदाच माजावर आली. आंगनात रक्ताचे थेंब दिसले, मंग गावातले कुत्रे कुंपनापाशी जमाले लागले, चार, सहा, दहा. मी तिले आतल्या खोलीत कोंडलं. ती आतून रडे, ते बाहेरून रडे. बाजाराले गेली तवा ढोरायच्या डाक्टरले विचारलं. तेलुगु मानूस, पन मराठी समजते त्याले. वय ऐकलं आनि म्हने अम्मा, इप्पुडु वद्दु, आता नको. तिची कंबर भरली नाई अजून, आनि कुत्रा इतका मोठा, पिलू अडलं तर माय बी जाईल. दोन वर्साची होऊ द्या. तीन हप्ते कोंडून ठेवा, नवव्या दिवसापासून तर लयच जपा, तवा ती सोता पळाले पायते. मी भिंतीवर कोळशानं रेघा ओढू लागली, एक दिवस एक रेघ.

अकरा रेघा झाल्या होत्या. आयतवार होता, भर दुपार, दारात टेम्पो थांबला. भासरे उतरले, मागून शेरू, साखळीले हिसके देत. कुंपनापाशचे सारे कुत्रे चूप झाले एकदम. मी धावत गेली आनि खोलीच्या उंबरठ्यात बसली, दाराले पाठ लावून. भासऱ्यापुढं मी कदी तोंड वर करून बोलली नाई, ताई, त्या दिवशी बी पदर डोक्यावरच होता, पन बसली.

ते म्हनले वेणू, बाजूले हो. मी म्हनलं नाई दादा, डाक्टर नाई म्हनते, लहान हाये ती. ते हासले. म्हनले जनावराचं वय कोन मोजते, मी तिकडं शब्द देल्ला हाये, काय सांगू त्यायले, भावजय आडवी बसली म्हनून? मंग ह्यायच्याकडं वळले, दत्तू, उठव हिले.

आनि हे उठले ना. खरंच उठले. आले, माह्या दंडाले धरलं. आतून भुरी दार खरवडून राह्यली, ते मले पाठीत लागून राह्यलं. मी वर पायलं आनि म्हनलं, ह्यायलेच ऐकू जाईल इतकं हळू, मायं पयलं बाळंतपन आठवते का तुमाले. बस. त्याचं मी कोनापाशी बोलत नाई, तुमी बी जास्त लिहू नका, पोरगा होता, दोन दिवस अडला होता, इतकंच.

ह्यायचा हात ढिला पडला. भावाकडं न पायताच म्हनले दादा, जेवून जा, पन कुत्रा परत ने. भासरे जेवले नाई. पानी बी पेले नाई.

त्यायनं फोन बंद केला. सनाले आले नाई, बोलावलं नाई. हे सुकत चालले, मले बोलून दाखवलं नाई कदी, पन मी बी ताटावर बसली का मनात येये, एका कुत्रीपायी भाऊ तोडला का मी? काऊन इतकी अडली? पुढचा माज आला, पुन्हा तेच, कोंडून ठेवलं. दोन वर्साची झाल्यावर डाक्टरनं पोट-कंबर दाबून पायली, म्हने आता चालते, कुत्रा मात्र तिच्याच मापाचा पाहा. मंग शेजारच्या वावरातला मोत्या लावला. दोन महिने मोजत काढले. व्यायली तवा पयलं पिलू निघालं आनि दुसरं येईच ना. ती कळा देये, माह्याकडं पाये. ह्यायनं ऑटोवाल्याले हाक मारली, मी तिले पोत्यावर उचलून घेतलं, आनि माह्या हातातच दुसरं निघालं. मेलेलं होतं. मंग तीन जिते. इतकं थांबूनबी एक गेलंच, ताई. पन माय वाचली.

पिलं डोळे उघडून धावाले लागले तवा त्यातलं एक घेऊन मीच आदिलाबादले गेली. भासरे बाहेर आले नाई. जाऊबाईनं दारातच पिलू घेतलं, डोळे पुसले. आता ते पिलू मोठं होऊन भासऱ्यायच्याच बाजेखाली झोपते म्हनते. माह्याशी भासरे अजून बोलत नाई, ह्यायच्याशी बोलते. असू दे.

आता भुरीचं तोंड पांढरं झालं. लोक तरी येते, अजून एक खेप घ्या, असे पिलं कुठं भेटते. या पावसाळ्यात पुन्हा माजावर आली तवा मी ह्यायच्या तोंडाकडं पायलं. ह्यायनं सायकल काढली, सोताच डाक्टरकडं जाऊन आले. म्हनले आपरेशन करून टाकू, माज उतरल्यावर दोन महिन्यानं आना म्हनते. ते दोन महिने आज भरले. उद्या सकाळी न्यायची हाये. जुनं अंग, गुंगीच्या सुईचं भेव वाटते मले, डाक्टर म्हने होईल नीट, पन त्याच्या म्हनन्यानं का होते. तिले सांजपासून उपाशी ठेवा म्हनले, तर हे आताच म्हनून राह्यले, मले बी आज भूक नाई.

तुमी मात्र जेवून जा, ताई. सैपाक झाला हाये.