भोंग्यावरून वाचलेलं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आम्हा सर्वांचे वडीलधारे कानिफनाथ तात्या. जिल्हा क्रीडा खात्यातून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती पीरमहंमद सय्यद सर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मेहताबभाभी. मंडळाचे माझे सहकारी. समोर बसलेले पालक, माता-भगिनी. आणि मांडवाच्या कडेला चपला काढून उकिडवे बसलेले माझे खेळाडू मित्रहो,

प्रास्ताविक करणाऱ्यांनी माझी ओळख नगरचा बुलंद आवाज अशी करून दिली. आभारी आहे. गेली वीस वर्षं कोर्टात आणि कोर्टाबाहेर मी हा आवाज वापरला. मोर्च्यात वापरला, निवडणुकीत वापरला, ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी वापरला. आज मात्र मायकसमोर येताना प्रथमच वाटलं, की घसा बसला असता तर बरं झालं असतं.

सरांच्या गौरवाची भाषणं झाली. शाल झाली, श्रीफळ झालं. तेवीस वर्षांत सरांनी किती खेळाडू घडवले त्याचा आकडाही सांगून झाला. त्यात मी काय भर घालणार? मी फक्त एक दुरुस्ती करायला उभा आहे. आपल्या हातात जी निमंत्रणपत्रिका आहे, तिच्यात तिसऱ्या ओळीत लिहिलंय, ‘प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत’. ती ओळ माझी. ती खोटी आहे. सरांच्या प्रकृतीला काहीही झालेलं नाही. काल संध्याकाळीच मी त्यांना सायकलवर, मागं मेहताबभाभी आणि पुढं भाजीची पिशवी घेऊन, चढ चढताना पाहिलं. भाभी, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

सर, हात हलवून मला खाली बसवू नका. तुमचं ऐकून मी गप्प बसलो म्हणून तर तीन महिने गेले.

नव्या पालकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हे फुटबॉल मंडळ सरांनी सुरू केलं तेव्हा वर्गणी होती वर्षाला दहा रुपये. बूट पोत्यात असायचे. हो, पोत्यात! पोरं यायची, पोतं पालथं व्हायचं, ज्याला जो बसेल तो त्यानं घालायचा, मोठा झाला तर पुढं चिंध्या कोंबायच्या. बदली खेळाडू आत जायचा तेव्हा बाहेर येणारा आधी बूट काढून द्यायचा. पंच घड्याळ बघत उभे राहायचे, प्रेक्षक हसायचे, आणि खेळ पुढं चालू व्हायचा.

बाहेरगावचा संघ आला की त्याची सोय कशी? शाळेच्या वर्गात सतरंज्या, आणि जेवायला घरं वाटलेली. एका घरी दोन खेळाडू. सर आदल्या दिवशी सायकलवर फिरून घरं ठरवायचे, आणि घरं ठरवताना जात विचारायचे नाहीत, धर्म विचारायचे नाहीत. फक्त विचारायचे, दोन पोरं चालतील का? आपली पोरं मनमाडला गेली की त्यांचीही तशीच सोय. मनमाडच्या एका रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी स्वतः शेंगदाण्याची आमटी खाल्ली आहे. त्या घरच्या काकूंनी मला सामना हरल्याबद्दल रागावून दुसऱ्यांदा वाढलं होतं.

मग चौऱ्याण्णव साल आलं. घरोघरी केबल आली, विश्वचषक दिसला, आणि पंच्याण्णवला मी चिटणीस झालो. मला या पोत्याची लाज वाटू लागली. पुण्याचे संघ यायचे, एकसारखे ट्रॅकसूट, पाठीवर बॅगा, आणि आमची पोरं पोत्याभोवती! सर्वसाधारण सभेत मी भाषण केलं. आपल्यातल्या पुष्कळांना ते आठवत असेल, तेव्हा दाद दिलीत. मी विचारलं होतं, आपली मुलं काय भिकारी आहेत, लोकांच्या दारात जेवायला? किती दिवस उष्ट्या बुटात पाय घालायचे? स्वाभिमान हा शब्द त्या भाषणात मी किती वेळा वापरला असेन, देव जाणे. ठराव एकमतानं झाला. प्रत्येकानं स्वतःचे बूट, दोन गणवेश, ट्रॅकसूट. उन्हाळ्यात पुण्याचं पंधरा दिवसांचं शिबिर. पाहुण्या संघाला लॉज, आपल्या संघाला खाजगी मिनीबस. वर्गणी पहिल्या वर्षी माणशी आठशे, मग चौदाशे, गेल्या हंगामात बावीसशे.

सर त्या सभेत एवढंच म्हणाले होते, “राधाकृष्ण, खेळाला काय लागतं? एक चेंडू.” सगळे हसले. मीही हसलो. वर त्यांना म्हणालो, सर, जमाना बदलला.

बदलला खरा! घोडेगावच्या बाजारात गिऱ्हाईक जनावराचं तोंड उघडून दात बघतं, तसं आम्ही निवड चाचणीला आलेल्या पोराच्या बापाचे कपडे बघायला लागलो. कुणी ठरवून केलं नाही. पण दोन वर्षांत नाल्यापलीकडच्या वस्तीतली नऊ पोरं होती त्यातलं एक उरलं. बाकीची का गेली हे एकाही सभेत कुणी विचारलं नाही. मी चिटणीस, मी विचारलं नाही.

जे उरलं होतं त्याचं नाव नितीन. नितीन सहादू भिंगारदिवे. वडील गवंडीकाम करतात, आई भागिरथीबाई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहेत. बचावफळीच्या मधोमध उभं राहून हे पोर असा खेळ वाचायचं, की समोरच्यानं चेंडू कुठं टाकायचा हे ठरवायच्या आत तिथं हजर. पाहुणे इथं बसले आहेत, त्यांनी ते पाहिलं आहे.

आणि भागिरथीबाई? घरोघरी जेवणाची पद्धत होती तेव्हा, मनमाडचा संघ आला की दोन पोरं त्यांच्याकडं ठरलेली. दोनची चार व्हायची. नऊ वर्षं! किती पोरं त्या घरात जेवून गेली, याची नोंद आमच्याकडं नाही, कारण आमच्या पावतीपुस्तकात भाकरी लिहायला रकाना नाही. लॉज सुरू झालं त्या वर्षी त्या मला मैदानावर भेटल्या आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, यंदा पोरं जेवायला न्हाई का येनार? म्या डाळ भिजत घातलीया.” मी म्हणालो, “आता तुम्हाला त्रास नाही बाई, लॉजवर सोय केली.” मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार केले. खरं पाहता, या मंडळाला द्यायला त्या माउलीजवळ जे होतं ते मी घ्यायचं बंद केलं, आणि जे नव्हतं ते मागायला लागलो.

आता ऑक्टोबरातल्या त्या रविवारकडं येतो. स्पर्धेचा उपांत्य सामना, आपण विरुद्ध मनमाड, मध्यंतर. मायक माझ्याकडं. आपल्याकडची पद्धत ठाऊकच आहे: मध्यंतरात देणगीदारांची नावं पुकारायची, नाव झालं की टाळ्या. मी यादी वाचली. गर्दी चांगली जमली होती, आवाज लागला होता. माझ्या हातात दुसरा कागदही होता, वर्गणी न भरलेल्यांचा. तो वाचायचं ठरलेलं नव्हतं. पण बोलणाऱ्या माणसाला गर्दी दिसली की काय होतं हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. मी म्हणालो, “ज्यांनी दिलं त्यांची नावं ऐकलीत, आता ज्यांना मंडळाचा विसर पडला त्यांचीही ऐका.” चार नावं वाचली. चौथं, नितीन सहादू भिंगारदिवे.

तो तिथंच, रेषेजवळ ग्लुकोजचं पाणी पीत बसला होता. आणि दोरीच्या पलीकडं भागिरथीबाई उभ्या होत्या, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. मनमाडच्या पोरांना लॉजचं जेवण रुचत नाही असं त्यांनी ऐकलं होतं.

नितीन उठला. अंगातला मंडळाचा शर्ट काढला, घडी घातली, आणि सरांकडं गेला. माझ्याकडं नाही. मी चार हातांवर होतो, म्हणून मला ऐकू आलं. म्हणाला, “सर, धुवायचा राहिलाय.” शाळेचा सदरा चढवला, आईच्या हातातलं गाठोडं घेतलं, आणि दोघं निघून गेली.

त्यानं शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं देणं हा माझा धंदा आहे. त्यानं शर्टाची घडी घातली.

सामना आपण हरलो. दुसऱ्या दिवशी सरांची चिठ्ठी आली, एका ओळीची: ‘आजपासून मी मैदानावर येणार नाही, पोरांना कारण सांगू नये.’ मी कारण सांगितलं नाही. मी नवीन तयार केलं, आणि छापलं.

मंडळी, तीन महिने मी स्वतःशी वकिली केली. हेतू चांगला होता, मंडळ पैशांवाचून चालत नाही, नियम सर्वांना सारखा. सगळे मुद्दे बिनतोड, आणि एकाही मुद्द्यानं झोप आली नाही. शेवटी गेल्या शुक्रवारी नाल्यापलीकडं गेलो. भागिरथीबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “या वकीलसाहेब. बसा. आज कुनाची नावं वाचायला आलाव?”

मी म्हणालो, “बाई, माफी मागायला आलोय.”

“हितं?” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “हितं कोन हाय ऐकायला? ही कोंबडी हाय आन् मी हाय. तितं लई लोकं हुते. तवा आवाज ह्या पत्र्यापतूर आल्ता, माज्या नंदेनं घरात बसून ऐकलं. आन् माफी मातूर हळूच मागायची व्हय?”

आतून नितीननं विचारलं, “आये, चहा ठिवू का साहेबांला?” त्या म्हणाल्या, “ठिव की. आपल्या घरी आल्यालं मानूस हाय.”

तो चहा मी कसा प्यायलो ते सांगत नाही. उठताना नितीनला म्हणालो, हा सोडून पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या संघाची निवड आहे, वयाच्या हिशेबानं तुझं हे शेवटचं वर्ष, ये. तो खाली बघून म्हणाला, “नको साहेब. आलो तर पोरं म्हनतील, फुकटात आला.”

हा शब्द त्याला कुणी शिकवला? मी शिकवला. ज्याच्या घरी नऊ वर्षं पाहुणी पोरं जेवली, त्या पोराला मी फुकटा ठरवलं, तेही स्वाभिमानावर भाषणं देऊन!

बुधवारी मी समितीपुढं ठराव मांडला. पाहुण्यांची सोय पुन्हा घरोघरी करावी, बूट मंडळाचे असावेत, पैशांवाचून एकही खेळाडू वगळू नये. ठराव पाच विरुद्ध सहा मतांनी पडला. व्यासपीठावरचे माझे मित्र अस्वस्थ झालेत, ते मी पाहतोय. मी त्यांना दोष देत नाही. विरोधात जी भाषणं झाली त्यातलं प्रत्येक वाक्य माझं होतं. भिकारी, उष्टे बूट, स्वाभिमान. मीच त्यांना इतकं पटवून ठेवलंय, की आता मलाच ते उलट पटवता येईना. तात्या, विरोधातल्या सहांत आपण होतात, आपलं मत फिरलं तर ठराव फिरतो. मी आपल्यावर दडपण आणतोय का? होय, चारचौघांत आणतोय. हे कौशल्य मी वाईट कामाला वापरलं, एकदा बऱ्या कामाला वापरू द्या.

आज सकाळी मांडवाच्या छगनला मी एक विनंती केली. एक भोंगा नाल्याच्या दिशेनं फिरव. तो आता तिकडं तोंड करून आहे. तेव्हा यापुढचं बोलणं या मांडवाला उद्देशून नाही.

भागिरथीबाई, सहादूभाऊ, मी अॅडव्होकेट राधाकृष्ण बोलतोय. ऑक्टोबरात या मैदानावरून मी तुमच्या मुलाचं नाव बाकीदार म्हणून वाचलं. ते खोटं होतं. या मंडळाला तुमच्या घरानं जे दिलं, तेवढं माझ्या घरानं दिलेलं नाही. मी चुकलो. मला माफ करा म्हणायचीही माझी योग्यता नाही, तरी म्हणतो. नितीन, रविवारी सकाळी आठला चाचणी आहे. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझं मन राखायला येऊ नकोस. सरांनी यायचं कबूल केलं आहे, आणि त्यांना शर्ट धुतलेला आहे की नाही याच्याशी कधीच कर्तव्य नव्हतं.

सर, तुम्हाला निरोप द्यायला आम्ही जमलो, पण तुम्ही गेला नाहीत. मी घालवलं. हा सत्कार तुम्ही स्वीकारलात, हा तुमचा मोठेपणा.

माझं बोलणं लांबलं. अध्यक्षांनी आवरलं नाही, पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं नाही, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. समारंभाची शोभा मी बिघडवली. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं आपण सांभाळून घ्यावं. बाकीचं सांभाळून घ्यायचं काम तुमचं नाही, ते नाल्यापलीकडं आहे.

आणि एक शेवटचं. कृपा करून टाळ्या वाजवू नका. ऑक्टोबरात मी ती चार नावं वाचली, तेव्हाही आपण वाजवल्या होत्या.