रानात मेंढरं कुणी बसवली?

दहिवडीच्या एसटी स्टँडवर पासाच्या रांगेत इंद्रजितच्या पुढं मेंढपाळ नाथाजी उभे होते. फोन तोंडासमोर धरून जर्मनीत शिकणाऱ्या लेकीशी त्यांचं बोलणं चाललं होतं आणि ते सगळ्या रांगेला ऐकू येत होतं.

“आबा, कॉम्प्युटर सोडून मातीचं शास्त्र घेऊ का? आज पाचच्या आत कळवायचंय.”

“माती? मेंढरामागं फिरू नगंस म्हणून तर तिकडं धाडली तुला.”

“आवं, ऐका तरी. सरांनी एक रान दाखवलं. मधल्या पट्ट्यातच गवत दाट. कारण कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, इथं खतासाठी रात्री मेंढरं बसवली असणार.”

“मग?”

“खरं निघालं.”

“निघनारच की! किती राती बसवली व्हती?”

“ते नाही सांगता आलं.”

“फोटो हाय?”

“पाठवलाय, बघा.”

“थांब गं... तीन राती. अन् मेंढरांभवतीची जाळी रोज हलवली न्हाई, म्हणून कडंला गवत इरळ हाय. मेंढक्या लय आळशी हाय तुमचा.”

“आबा, मग घेऊ का?”

“मामा, पुढं सरका,” इंद्रजित म्हणाला.

“तुमी जावा फुडं. प्रांजल, पाऊस न्हाई झाला की त्याच लेंडीखतानं पीक जळतं. का जळतं, ते मला अजून कळलं न्हाई. तुज्या सरांस्नी ठावं हाय का?”

“विचारते.”

“आदी अर्ज दे. मग इचार.”