बोटांवरचे घट्टे

गिटारवाल्याच्या दुकानातल्या बाकावर मास्तर आपली एकुलती एक गिटार दुरुस्त व्हायची वाट बघत होते. शेजारी एक नवरा-बायको येऊन टेकले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, पण कान कुठे मिटता येतात?

“माझ्या आईला आणायचं तर ती खोली रिकामी कर. सात-सात गिटारी कशाला रे?”

“एक नायलॉनच्या तारांची, एक पोलादी तारांची, एक प्रवासाची...”

“प्रवासाला कधी गेलास?”

“वाजवणाऱ्याला लागतात गं. तुला नाही कळायचं.”

“आई जिन्यावरून पडली, रात्रभर तिथेच होती. हे तरी कळतं ना?”

“झोपतील की त्या बाहेर, सोफ्यावर.”

“आई सोफ्यावर आणि गिटारी खोलीत?”

“दमट हवेत लाकूड फुगतं. जीव लावलाय मी त्यांना, दर महिन्याला तारा बदलतो.”

“हात दे बघू. लग्न झालं तेव्हा वाजवून वाजवून ही बोटं गालाला खरखरीत लागायची. एक घट्टा दाखव आता.”



आतून कारागिराची हाक आली, “साहेब, तुमची नवी गिटार तयार आहे!”

“तारा घ्यायला आलोय म्हणालास ना?”

नवऱ्याने हात सोडवून घेतला आणि तो आत गेला.